गेओर्गचं वळण

राज्य महामार्ग क्राउटनबाख गावातून बाहेर पडतो तो सुतासारखा सरळ, आणि शेवटचं घर मागे पडलं रे पडलं की काही कारण नसताना डावीकडे झपकन वळतो. तिथं टेकडी नाही, ओढा नाही, चर्चची जागा नाही. डाव्या हाताला डिपोल्डांचं कुरण, उजव्या हाताला होलफेल्डरांचा, बिअरला लागणाऱ्या हॉप्सच्या वेलींचा मळा आणि डाव्या कडेला गुडघ्याएवढा एक हद्दीचा दगड, बस्स. या वळणाला कुठल्या नकाशात नाव नाही. पण गावातलं शेंबडं पोरही सांगेल की हे गेओर्गचं वळण, आणि सांगताना आवाज जरा खाली आणेल.

तो दगड आज उपटायचा होता. लोरेन्ट्स डिपोल्ड खांद्यावर फावडं टाकून सकाळीच निघाला तेव्हा त्याच्या मनात लग्नघरासारखी गडबड चाललेली होती. साठी ओलांडलेला माणूस, गुडघे कुरकुरतात, पण आज चालत होता तरण्याताठ्यासारखा. जन्मभर ज्याची वाट पाहिली तो दिवस उगवला होता. गेओर्ग होलफेल्डरने दगड सरकवला, रस्ता आमच्या अंगावर ढकलला आणि त्या रस्त्याने माझा भाऊ खाल्ला, हे आज जमीन उकरून सिद्ध होणार होतं.

आता दगड उपटायला लोरेन्ट्सच कशाला हवा, असं कुणी विचारील. तर आमच्याकडे हद्दीच्या दगडाला हात लावायचा हक्क फक्त 'सातां'ना असतो. गावातली सात शपथेची माणसं, एकदा नेमली की मरेपर्यंत. दगड बसवताना ते त्याच्याखाली काहीतरी पुरतात. त्याला म्हणतात साक्षीदार. ते कशाचे असतात, किती असतात, कसे मांडतात, हे सात सोडून कुणाला ठाऊक नसतं; बायकोलाही नाही, पाद्र्यालाही नाही. उद्या कुणी लबाडाने दगड चार पावलं सरकवला तर साक्षीदार जुन्या जागी तसेच राहतात आणि चोरी उघडी पडते. दगड उकरताना बाकीच्यांनी लांब जाऊन पाठ फिरवून उभं राहायचं, मग तो मंत्री असला तरी. आणि उकरल्यावर सातांनी एवढंच सांगायचं: दगड खरा, किंवा दगड खोटा. साक्षीदार काय असतात ते मला विचारू नका. मला माहीत नाही, आणि असतं तरी सांगितलं नसतं.

लोरेन्ट्स हा सध्या सातांचा म्होरक्या. गेओर्ग होलफेल्डर त्याच्या काळी सातांपैकीच एक होता, आणि सगळ्या संशयाची गोम इथेच होती. कुंपणानेच शेत खाल्लं, असं गाव म्हणायचं.

हा रस्ता आधीपासूनच भांडखोर. एका अंगाला बांबेर्गच्या बिशपची जमीन, दुसऱ्या अंगाला मार्ग्राफ सरदाराची, आणि मधून मिठाच्या गाड्यांची वाट. म्हणून आजही रस्त्याच्या डावीकडचे कॅथलिक आणि उजवीकडचे लुथरचे. नेपोलियनची फौज याच वाटेने आली आणि याच वाटेने अर्धी होऊन परत गेली. मग अमेरिकन रणगाडे आले, त्यांच्या मागोमाग पूर्वेकडून हातगाड्या ओढत निर्वासित आले आणि घराघरात दाटीवाटीने राहिले. आलेल्या प्रत्येकाकडे गावाने पडद्याआडून पाहिलं, दार मात्र उशिराच उघडलं. लोरेन्ट्स पाच वर्षांचा असताना सरकारने ठरवलं की या वाटेचा डांबरी महामार्ग करायचा. जमिनीचे नकाशे युद्धात जळून गेलेले. तेव्हा मोजणीवाले म्हणाले, हद्दीचे दगड दाखवा, त्या रेषेने रस्ता नेतो. दगड गेले तसा रस्ता गेला, आणि गावाबाहेर येताच डिपोल्डांच्या कुरणात घुसला.

कुरणाचा लचका गेला आणि होलफेल्डरांचा मळा तेवढाच रुंद झाला. फायदा कुणाचा झाला ते आंधळ्यालाही दिसत होतं. लोरेन्ट्सचा बाप पांक्रात्स कपाळावर हात मारून बसला, पण हातपाय गाळून बसणारा तो गडी नव्हता. रस्ता दारात आलाच आहे तर आता त्याचा उपयोग करू, असं म्हणून त्याने गोठ्याच्या भिंतीला लागून पेट्रोलचा पंप टाकला. बांबेर्गहून बायरॉइटकडे जाणारी प्रत्येक गाडी तिथं थांबायची. अन्यायातून सोनं काढणारा माणूस, असं लोक त्याचं कौतुक करायचे, आणि धाकटा लोरेन्ट्स ते ऐकून छाती फुगवून गाड्यांच्या काचा पुसायचा.

दगड हलल्याचा पुरावा लोरेन्ट्सच्या गालावर होता. आमच्याकडे जुनी रीत आहे: लहान मुलाला हद्दीच्या दगडापाशी न्यायचं आणि खाडकन एक थोबाडीत द्यायची, म्हणजे दगड कुठे आहे ते तो जन्मात विसरत नाही. पांक्रात्सने दोन्ही मुलांना अशीच दिली होती. थोरला किलिआन हसला होता. लोरेन्ट्स मात्र कोलमडून आलुबुखाराच्या झाडाच्या मुळांवर पडला होता, ओठ फुटून. म्हणजे दगड त्या झाडाला लागून होता. आज ते झाड रस्त्याच्या पलीकडे, होलफेल्डरांच्या मळ्याच्या टोकाला उभं आहे. आमच्या झाडाची फळं आणि होलफेल्डर चालवतात त्या खानावळीतला केक! दर सप्टेंबरला लोरेन्ट्सच्या घशात तो केक न खाताच अडकायचा.

तरीही हे सगळं कुरबुरीवर राहिलं असतं. पण किलिआन एका दुपारी मोटारसायकलवरून घरी येत होता. वळणावर खडी सांडली होती. तो सव्वीस वर्षांचा होता. कबरीवर माती टाकताना पांक्रात्स सगळ्या गावादेखत गेओर्गकडे बोट दाखवून म्हणाला, "तुझ्या दगडाने माझा पोर मारला." गेओर्ग होलफेल्डरने हॅट काढून हातात धरली होती. तो चकार शब्द बोलला नाही. निर्दोष माणूस असा गप्प राहतो का? गावाचं मत तिथल्या तिथे कायम झालं.

पंधरवड्यात पांक्रात्सने पंप बंद केला. लोरेन्ट्स तेव्हा विशीतला, रक्त उसळत होतं. तो बापाच्या मागे लागला की सातांना बोलवा, दगड उकरा. शेतमालकाने मागणी केल्याशिवाय सातांना दगड उघडता येत नाही. बाप म्हणाला, पोर परत येणार आहे का उकरून? आणि मी जिवंत आहे तोवर त्या दगडाला हात लावायचा नाही. लोरेन्ट्सला वाटलं, दुःखाने म्हातारा खचला. बाप गेल्यावर तो स्वतः सातांत आला, म्होरक्या झाला, पण म्होरक्याने आपल्याच शेताची मागणी करणं बरं दिसेना, आणि होलफेल्डरांकडून मागणी यायचं नाव नाही. का येईल? खाई त्याला खवखवे.

गेओर्गच्या मागे त्याची एकुलती मुलगी बाबेट खानावळ चालवते. लोरेन्ट्सने त्या घटनेपासून तिच्या उंबऱ्याला पाय लावलेला नाही. बिअर प्यायला गाडी काढून शेजारच्या गावी जातो, पाऊस असो की बर्फ. लहानपणी एका बाकावर बसलेली ती दोघं, पण तो तिला 'तुम्ही' म्हणतो. वळणावर किलिआनचा क्रूस आहे. मृतांच्या दिवशी तिथं दरवर्षी एक दिवा लागलेला असतो, आणि तो डिपोल्डांनी लावलेला नसतो. बाबेट लावते हे लोरेन्ट्सला ठाऊक होतं. चोराच्या मनात चांदणं, तो म्हणायचा, आणि दिवा मात्र विझवायचा नाही.

मग टोल आला. ट्रकवाल्यांनी मोठा हायवे सोडला आणि फुकटच्या या रस्त्यावर गर्दी केली. वळणावर ट्रक उलटायला लागले तेव्हा रस्तेखात्याला जाग आली: वळण काढून टाकायचं, रस्ता सरळ करायचा. आणि दगड उचलायचा.

लोरेन्ट्स पोचला तेव्हा एडगर आधीच येऊन बसला होता. सातांपैकी हा दुसरा. मधमाश्या पाळतो आणि त्यांच्यापेक्षा जास्त गुणगुणतो. बाकीच्यांपैकी कुणाचा गुडघा, कुणाचा मोतीबिंदू. दोघं पुरे होतात. खात्याची तरुण इंजिनियर बाई गाडीला टेकून उभी होती, आणि तिच्या शेजारी बाबेट, खानावळीचा एप्रन न सोडता आलेली. केस पांढरे, पाठ ताठ. लोरेन्ट्सने तिच्याकडे निरखून पाहिलं. घाबरलेली होती. बरोबर, घाबरणारच.

एडगरने दोघींना सांगितलं की तिकडे मैलाच्या पाटीपर्यंत जा आणि पाठ फिरवून उभ्या राहा. इंजिनियर बाई हसली, हे अजून चालतं का म्हणाली. एडगर म्हणाला, बाई, तुमचं खातं दर पाच वर्षांनी नाव बदलतं, आमचं पाचशे वर्षं तेच आहे. दोघी गेल्या.

दगड जड होता. पहारीने हलवून, दोराने ओढून त्यांनी तो आडवा केला. लोरेन्ट्स गुडघ्यावर बसून हाताने माती काढू लागला. त्याने मनाशी सगळा हिशेब आधीच मांडला होता. साक्षीदार नीट मांडलेले सापडले तर ती गेओर्गचीच करामत; जाणकार माणूस जाणकारासारखीच चोरी करणार. मग झाडापाशी उकरायचं, तिथं रिकामा खड्डा सापडेल, आणि झालं.

बोटाला काहीतरी गुळगुळीत लागलं. त्याने माती फुंकली.

लाल काचेचा तुकडा होता. बाहेरून रेघारेघांचा, मोटारसायकलच्या मागच्या दिव्याचा. तो दिवा लोरेन्ट्सने दर रविवारी किलिआनबरोबर घासूनपुसून चकाकवला होता. अपघातानंतर कुणीतरी दगड उघडला होता, आणि उघडणारा सातांपैकीच होता. कारण सातांपैकी कुणी दगड उघडला तर पुढच्याला कळावं म्हणून स्वतःची एक खूण आत सोडतो. काचेवर लोखंडाने कोरलेलं चिन्ह होतं. गेओर्ग होलफेल्डरचं. गावातल्या निम्म्या दगडांखाली लोरेन्ट्सने ते पाहिलं होतं.

"बघ!" तो एडगरला म्हणाला. "आला की नाही इथे? रात्रंदिवस खात होतं त्याला."

"थांब जरा," एडगर म्हणाला. "खाली काय आहे ते बघ."

खाली साक्षीदार नव्हते. खाली होते ताटलीचे तुकडे. जाड पांढरी चिनी माती, कडेला निळ्या कॉर्नफ्लॉवरची वेल. कुणीतरी ते मोठ्या भक्तिभावाने गोल मांडले होते. आणि पार चुकीचे मांडले होते. सातांच्या रीतीशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. दगडाखाली 'काहीतरी' असतं एवढंच ऐकून असलेल्या माणसाने अंदाजपंचे केलेलं ते काम होतं.

एडगर तुकडा उलटसुलट करत राहिला. "हे आपल्यापैकी कुणाचं नाही रे. बाहेरच्या माणसाचं आहे. पण निळी फुलं मी कुठेतरी पाहिलीत."

लोरेन्ट्सने पाहिली होती. रोज पाहत होता. त्याच्या आईच्या लग्नातला डझनाचा संच अजून त्याच्या कपाटात होता, आणि त्यात एक ताटली कमी होती. आईने ती ताटली निर्वासित बाईने चोरली असं म्हणून त्या बाईला पोराबाळांसकट घराबाहेर काढलं होतं. बाप तेव्हा खिडकीत उभा होता, मूग गिळून.

"झाडापाशी चल," तो म्हणाला.

ट्रक जाऊ देऊन ते रस्ता ओलांडून गेले. आलुबुखाराच्या मुळांपाशी, जिथे पाच वर्षांचा लोरेन्ट्स ओठ फोडून पडला होता, तिथं एडगरने फावडं मारलं. फार खोल जावं लागलं नाही. साक्षीदार तिथं होते. सगळे, जिथल्या तिथे, मुळांनी कवटाळलेले. शंभर वर्षांत त्यांना कुणी बोटही लावलं नव्हतं.

एडगरने फावडं खोडाला टेकवून ठेवलं. मग टोपी मागे सारून म्हणाला, "गेओर्गने दगड हलवला असता तर हे आधी उचलून नेलं असतं. त्याला ठाऊक होतं ना. ज्याला ठाऊक नव्हतं त्याने दगड तेवढा नेला, आणि खाली घरची ताटली फोडून घातली. पण मला एक कळत नाही. आपलीच जमीन जाईल असा दगड कोण सरकवील? स्वतःच्या घरात चोरी कोण करतं?"

लोरेन्ट्सने वळून रस्त्याकडे पाहिलं. रस्ता वळून थेट त्याच्या गोठ्याच्या भिंतीला खेटत होता. भिंतीवर पंपाचा गंजलेला पत्रा अजून होता. कुरणाची एक पट्टी देऊन अख्खा महामार्ग दारात आणला होता बापाने. नाहीतर रस्ता सरळ गेला असता, झाडाच्या अंगाने, आणि एक गाडी थांबली नसती. लोकांनी कौतुक केलं. त्यानेही केलं. आणि तोच बाप पोराच्या कबरीवर उभा राहून दुसऱ्याकडे बोट दाखवत होता. लोरेन्ट्सला भडभडून आलं, आणि बापाचा असा राग आला की तो समोर असता तर त्याने म्हाताऱ्यावर हात टाकला असता.

एडगरला कळायचं ते कळलं. तो हळूच म्हणाला, "तू नुसतं 'दगड खोटा' म्हण. तेवढंच म्हणायचं असतं आपण. शपथ तशीच आहे."

लोरेन्ट्सने दोघींना हाक मारली. त्या आल्या. इंजिनियर बाईने पेन काढलं.

"दगड खोटा," लोरेन्ट्स म्हणाला. "खरी हद्द झाडापाशी."

बाईने लिहून घेतलं, खात्याला फोन लावायला गाडीकडे गेली. बाबेट तिथेच उभी राहिली. तिने एप्रनला हात पुसले, कोरडेच होते तरी.

"म्हणजे खरंच होतं तर," ती म्हणाली. "मला वाटायचंच, लोरेन्ट्स. म्हणून तर मी कधी दगड उघडायला मागितला नाही. बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा मी त्यांना विचारलं होतं, तुम्ही हलवलात का? ते म्हणाले, विचारू नकोस. एवढंच. मग मी पुढे त्यांच्याशी धड बोललेच नाही. जेवण ठेवायची, उशी सरळ करायची, आणि बाहेर यायची. तसेच गेले ते. आज वाटतं, बरोबरच वागले मी."

लोरेन्ट्सला वाटलं आपल्या कानाखाली कुणीतरी वाजवली, त्याच जागी, त्याच झाडापाशी.

"तुझ्या बापाने नाही," तो म्हणाला. "माझ्या."

 त्याने खिशातून निळ्या फुलांचा तुकडा काढून तिच्या हातात दिला. एडगर घाईघाईने म्हणाला की ताटली काही साक्षीदारांत मोडत नाही, ती भांडीकुंडी आहेत, भांड्याकुंड्यांना शपथ लागू नाही. लोरेन्ट्सने ताटलीचं सांगितलं, पंपाचं सांगितलं, आईने हाकललेल्या बाईचं सांगितलं. सांगताना एकदाही थांबला नाही.

बाबेट सगळं ऐकून झाडाच्या खोडाला टेकली. "मग ते बोलले का नाहीत?" ती म्हणाली. "विचारू नकोस का म्हणाले? त्यांनाही माहीत नसेल. बिचारे. माहीत असतं तर निदान मला तरी सांगितलं असतं ना? स्वतःच्या मुलीला?"

लाल काच लोरेन्ट्सच्या मुठीत होती. ती खरी खूण होती, सातांपैकी एकाने रीतसर सोडलेली, आणि तिच्याबद्दल अक्षर उच्चारायला मरेपर्यंत बंदी होती. गेओर्गला माहीत होतं. कबरीवरून परत येऊन त्याने दगड उघडला होता, ताटली पाहिली होती, कुणाची तेही ओळखलं असणार. पांक्रात्सच्या लग्नात जेवला होता तो त्याच ताटल्यांत. एक शब्द बोलला असता तर सुटला असता. पण तो शब्द म्हणजे, पोर गमावलेल्या बापाला सगळ्या गावासमोर सांगणं की तुझा पोर तूच मारलास. म्हणून त्याने दगड परत बसवला आणि लोकांचे शिव्याशाप घेत गावातून फिरला. मुलीचेही घेतले.

लोरेन्ट्सने एडगरकडे पाहिलं. तीस वर्षांत या माणसाने एकदाही रीत मोडू दिली नव्हती. म्होरक्याची बोटं आधी धुतलेली आहेत का तेही बघायचा.

एडगरने नाक ओढलं, टोपी डोळ्यांवर घेतली आणि मळ्याकडे तोंड करून पाठ फिरवली.

लोरेन्ट्सने मूठ उघडली. बाबेटने काच उचलून उजेडात धरली. आधी तिला किलिआनचा दिवा ओळखू आला, आणि मग अंगठ्याखाली कोरलेलं चिन्ह. तिच्या खानावळीतल्या प्रत्येक पिंपावर बापाने तेच कोरलेलं होतं. ती मुळांवर बसली. लोरेन्ट्स तिच्या शेजारी बसला. रस्त्यावरून ट्रक जात होते. एडगर तसाच पाठ करून उभा होता, ती दोघं उठेपर्यंत.